सांडलेला सिनेमा

आमच्या घरात तयार झालेला एकमेव सिनेमा पनवेलच्या थिएटरात तीन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी प्रेक्षकांत फक्त नातेवाईक होते, आणि त्यातलेही दोघे झोपले होते!

सिनेमा माझ्या धाकट्या भाऊजींचा. घर आमचं, कॅमेरा भाड्याचा, नायिका दोन दिवसांच्या बोलीवर आलेली. मी नवी सून. सगळ्यांना चहा देणं एवढंच माझं काम (तेही जमलं नाही!). दहा कपांचा ट्रे घेऊन आले, जाड वायरीत पाय अडकला, आणि चहा थेट दिव्यांच्या बोर्डात! फाट्! आमच्यासकट आख्ख्या आळीचे दिवे गेले.

गव्हाणहून वायरमन आला. म्हणाला, "वैनी, आतली सगली वायर जलली हाय. आठ दिवस तरी काय व्हनार नाय!"

नायिका म्हणाली, "उद्यानंतर मी नाही हं!"

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माहेरी जायची बॅगच काढली. मग खिडकी सताड उघडून ते ओरडले, "करा सुरू! दिसेल ते दिसेल!"

दिसलं काहीच नाही. थिएटरात लोक ओरडत होते, "अरे, लाईट लावा!" सासूबाई पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना माझी ओळख करून देत, "हीच ती. सिनेमा सांडणारी!"

आणि गेल्या महिन्यात आमच्या दारात एक नामांकित कॅमेरामन! (पडद्यावर ज्यांचं नाव आलं की टाळ्या पडतात, ते!) आले आणि थेट भाऊजींच्या पाया पडले.

"सर, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना तुमच्या सिनेमाची जुनी प्रत पाहिली. नुसत्या खिडकीच्या उजेडात! आम्ही सगळे त्यावरूनच शिकलो, मग आमचे विद्यार्थी शिकले. आज देशभरच्या सिनेमात घर घरासारखं दिसतं, ते तुमच्यामुळे."

त्यांनी लॅपटॉपवर तो प्रसंग लावला. नायिका तांदूळ निवडतेय, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. माझ्या अंगावर काटा आला. त्याच खिडकीपाशी मी जन्मभर तांदूळ निवडले, पण हा उजेड मला कधी दिसलाच नव्हता!

"सर, हे सुचलं कसं?"

आता तो चहाचा ट्रे निघणार! भाऊजी शांतपणे म्हणाले, "वहिनींनी सुचवलं."

ते गृहस्थ चक्क मला वाकून नमस्कार करायला आले! माझी मान अशी ताठ झाली म्हणता! पदर सावरून मी त्या ऐतिहासिक खिडकीत जाऊन उभी राहिले. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, माझ्यावर रोखला, आणि अत्यंत आदराने म्हणाले,

"वहिनी, जरा बाजूला होता का? खिडकीचा फोटो घ्यायचाय."