दाखल्यावरची शाई

आमच्या हुडको वसाहतीतल्या घरात, पुढच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक फ्रेम टांगलेली असायची. तिच्यात फोटो नव्हता, शाळेचा दाखला होता. माझ्या वडिलांचा. आजोबा रेल्वेच्या गँगमध्ये रुळांच्या कामाला म्हणून भंडाऱ्याकडून इकडे छत्तीसगडात आले होते, त्यामुळे बाबा दुर्गच्या शाळेत चार इयत्ता शिकले. शाळेने तो दाखला दिला तेव्हा देश स्वतंत्र व्हायचा होता. त्यावर नाव, जन्मतारीख, 'चाल-चलन अच्छा', सगळं नीट लिहिलेलं होतं. फक्त जातीच्या रकान्यात शाईचा काळा पट्टा होता, चांगला बोटभर लांब.

तो पट्टा बाबांनी ओढला. नागपूरला दीक्षा घेऊन सगळे परत आले त्या दिवशी आजीने घरातले देव टोपलीत भरले, आजोबा ते शिवनाथ नदीत सोडून आले, आणि बाबांनी दौत काढून दाखल्यावरचा तो एक शब्द खोडला. शाई वाळली की पुन्हा, परत वाळली की पुन्हा, असा चारदा खोडला म्हणतात. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी दाखला फ्रेम करून घेतला. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आणि मोठेपणी सांगत आलो. विहारात कार्यक्रम असला की कोणी ना कोणी म्हणायचंच, "ते दाखल्याचं सांगा न जी," आणि मी सांगायचो. सांगताना आवाज भरून यायचा. नाटक नव्हतं ते.

मला स्वतःला जातीचा दाखला कधी लागला नाही. इथल्या पोलादाच्या प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो तो ओपनमधून, फॉर्मवरचा तो रकाना ऐटीत कोरा ठेवून. बाबांनी पाठ थोपटली होती. मुलाच्या शाळेच्या फॉर्मवरही मी तेच केलं. मुलगा आता प्लांटमध्येच ठेकेदाराकडे आहे. आज काम आहे, उद्याचं उद्या. म्हणजे आमच्या घरात एकाकडेही जातीचा कागद नाही, आणि याचा मला नातीच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत अभिमान होता.

नातीला नर्स व्हायचं होतं. तिची आजी शेवटच्या दुखण्यात दीड महिना दवाखान्यात होती, तेव्हा शाळा सुटली की ही तिकडेच असायची. तिथेच तिने ठरवलं. परीक्षा दिली आणि नंबर असा आला की सरकारी कॉलेजात राखीव यादीतून जागा नक्की, ओपनमधून अवघड. खासगी कॉलेज आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणजे जातीचा दाखला काढणं आलं. आणि तो काढायचा तर पन्नास सालाच्या आधी आपलं घर याच भागात होतं आणि तेव्हा आपली जात काय होती, हे सांगणारा जुना कागद लागतो. विदर्भातून आलेली आमच्यातली किती घरं इथंच अडकून पडली आहेत. त्यांची माणसं प्लांट उभा राहताना आली, म्हणजे उशिरा आली. इथली कचेरी म्हणते महाराष्ट्रात जा, तिथली म्हणते तुम्ही तर छत्तीसगडचे. आम्ही त्यातून सुटणार होतो. आमच्याकडे कागद होता, भिंतीवर.

सकाळी आम्ही रिटायर झालेले लोक मार्केटातल्या चहाच्या टपरीपुढच्या बाकावर बसतो. त्या बाकावर कशावर बोलणं होत नाही ते विचारा. कुणाचा गुडघा, कुठला आमदार कुठे गेला, पानिपतात नेमकं कुणाचं चुकलं, वांगी पावर हाउसच्या बाजारात स्वस्त की इथे. एकाचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं आणि तिसऱ्याने मोडून काढायचं. नातीच्या दाखल्याचा विषय मीच तिथे काढला, आणि काढल्याचा पश्चात्ताप झाला.

माझ्या शेजारी एक साहेब बसतात. अमरावतीकडचे, प्लांटमध्ये मोठ्या हुद्द्यावर होते. माणूस सज्जन आहे आणि इतिहासाचा भारी नाद. ते म्हणाले, "अहो, पन्नास साली दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होतं! राजधानी नागपूर. माणूस भंडाऱ्यात राहिला काय अन् दुर्गात राहिला काय, मुलूख एकच. रेघ तर नंतर ओढली."

"मग हे कचेरीत येऊन सांगता का?" मी म्हटलं.

ते हसले. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "पण खरं सांगू? राग मानू नका. पोरीनं अजून दोन-चार मार्क आणले असते, तर ही कटकटच नव्हती."

मी रिकामा कप टपरीवाल्याकडे सरकवला. साहेबांना आयुष्यात कुणी पन्नास सालचा कागद मागितलेला नाही. ते कधी आले, कुठून आले, याच्याशी कुणाला काही देणंघेणं नाही. पण रोज शेजारी बसायचं असतं. टपरीवाला छत्तीसगढी, तो कप विसळता विसळता म्हणाला, "बाबूजी, मोर तो राशन कारड मा घलो नाव गलत हे. सुधरवावत तीन बछर होगे." तीन वर्षं तो रेशन कार्डावरचं स्वतःचं नाव सुधरवत होता. कोणी म्हणालं सरकार बदललं की होईल, कोणी म्हणालं मागच्या वेळी बदललं तेव्हाही हेच म्हणालो होतो. मग विषय क्रिकेटवर गेला.

कचेरीतला बाबू तरुण होता, बोलायला मऊ. मी झेरॉक्स पुढे केली. झेरॉक्समध्ये तो पट्टा आणखीच काळा आला होता.

"ये क्या है, बाबूजी?"

मी सांगितलं. जसं विहारात सांगतो तसंच, देवांच्या टोपलीपासून. रांगेतली दोन माणसं पुढे सरकून ऐकायला लागली. सांगून झाल्यावर बाबूने खरंच हात जोडले. "आपके पिताजी बड़े आदमी थे," तो म्हणाला. मग झेरॉक्स माझ्याकडे सरकवत हळूच म्हणाला, "पर हमको वही शब्द तो चाहिए था."

बाहेर येऊन मी स्कूटरच्या सीटवर नुसताच बसून राहिलो. जन्मात पहिल्यांदा मला बाबांचा राग आला. कोणी सांगितलं होतं एवढं गडद खोडायला? एक रेघ मारली असती तर भागलं नसतं? असा विचार आला आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली की घरी गेल्यावर मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवलो.

दुर्गला बाबांच्या शाळेत गेलो. शाळा आता दुसऱ्याच इमारतीत भरते. हेडमास्तरीणबाई भल्या होत्या, त्यांनी जुनं कपाट उघडून दाखवलं. त्या सालांची रजिस्टरं वाळवीने खाल्ली होती. एक उचललं तर हातात माती आली. आजोबांचा रेल्वेतला कागद तर कधीच नव्हता. गँगमनला कोण कागद देतो? सुनेने तिच्या माहेरी विचारलं, मी भंडाऱ्याला चुलत भावाला फोन केला. तो म्हणाला, "इकडचे कागद काढून देतो न, पण मंग तुमी इकडचे हून जासान." तेही खरं होतं, मग इथल्या कॉलेजात तो दाखला चालला नसता.

शेवटी मुलाने चार दिवसांची मजुरी बुडवून मोठ्या अधिकाऱ्याची भेट मिळवली. तो अधिकारी म्हणाला, मूळ दाखला घेऊन सोमवारी या. उजेडात धरून मागच्या बाजूने बघू, जुन्या लिखाणाचा दाब उमटलेला असतो, कधी कधी वाचता येतं. वाचता आलं तर मी सही करतो. त्या संध्याकाळी घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं. "देखना आजोबा, हो जाएगा," नात म्हणाली. घरात ती मराठी बोलते, तरी आनंद झाला की तिच्या तोंडून हिंदीच निघते.

आता माझं सांगतो.

टाइम ऑफिसात हजेरीचं रजिस्टर हाताने भरायचे दिवस होते तेव्हा आमचं एक तंत्र होतं. आकडा चुकला आणि खोडलेलं दिसायला नको असलं, की अर्धं ब्लेड घ्यायचं, वरचा पापुद्रा तेवढा खरवडायचा, मग नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा आणि बरोबर आकडा लिहायचा. सांगितल्याशिवाय कळायचं नाही. त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. दुसऱ्या टेबलांवरचे लोक आपापली रजिस्टरं घेऊन माझ्याकडे यायचे, आणि मीही भाव खायचो.

शनिवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. मुलगा ड्यूटीवर, सून पावर हाउसच्या बाजारात, नात मैत्रिणीकडे. मी फ्रेम उतरवली, मागचे खिळे काढले, दाखला बाहेर घेतला. माझ्या मनात हिशेब सरळ होता. मास्तरांची शाई खाली, बाबांची वर. वरचा थर हलक्या हाताने काढला तर खालचं दिसेल, आणि सोमवारी कुणाला उजेडात डोळे ताणायला लागणार नाहीत. हे सांगण्यापुरतं कारण झालं. खरं म्हणजे महिनाभर सगळे धावपळ करत होते आणि माझ्या हातून एक काम धड झालं नव्हतं. मला नातीसाठी काहीतरी करायचं होतं, आणि मला येत होतं ते एवढंच.

सुरुवातीला छान चाललं. काळी भुकटी निघत होती, मी फुंकर मारत होतो, बोटांना जुनं सगळं आठवत होतं. मग हात थरथरला. हल्ली माझ्या हातात कप बशीवर वाजतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ब्लेड आरपार गेलं. जातीच्या रकान्यात भोक पडलं. घाबरून मी कागद सरळ करायला ओढला, तर तो भोकापासून थेट कडेपर्यंत फाटला आणि रकान्याचा तुकडा माझ्या बोटांत चुरा होऊन राहिला.

वर पाहिलं तर दारात नात उभी. तिने कागद पाहिला, ब्लेड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, हे काय करून राहिले तुमी?"

ती माझ्यासमोर खाली बसली. ओरडली नाही, रडली नाही. ओढणीच्या टोकाने तिने फरशीवरची भुकटी पुसली, माझ्या बोटांतलं ब्लेड काढून घेतलं, पेपरात गुंडाळून कचऱ्यात खाली दाबून टाकलं. मग म्हणाली, "पप्पाले सांगू नका. मी सांगतो, झेरॉक्सले नेला होता अन् मशीनमधी फसला."

"अन् तुले शिव्या पडतीन त्याचं?"

"पडू द्या. मले सवय आहे."

मुलगा संध्याकाळी आला. तो तिला काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. "तुले अक्कल आहे का? जिंदगी फाडली तू तुझ्या हातानं, कावून नेला तिथं?" ती मान खाली घालून उभी होती. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून सगळं ऐकत होतो. उठून बाहेर जायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. मी चादरीच्या सुरकुत्या सरळ करत बसलो. दुसऱ्या दिवशी तो पावर हाउसच्या झेरॉक्सवाल्याशी जाऊन भांडून आला. तो बिचारा शपथा घेत होता म्हणे की असा कागद मी पाहिलाच नाही. चार लोक जमल्यावर त्याने घाबरून माफी मागून टाकली. मुलगा घरी येऊन म्हणाला, पाहा, चोराच्या मनात चांदणं होतंच. मी मान हलवली.

सोमवारी अधिकाऱ्याने तो फाटका कागद हातात घेतला, भोकातून त्याचं स्वतःचं टेबल दिसत होतं. त्याने कागद जपून परत दिला. आठवड्याने प्रवेशाची तारीख उलटली. ओपनच्या यादीत तिचं नाव नव्हतं, पुढच्या यादीतही नव्हतं.

आता ती वैशाली नगरातल्या एका खासगी दवाखान्यात काउंटरवर बसते. पेशंटचं नाव लिहायचं, वय लिहायचं, आत पाठवायचं. नर्स तिच्या मागून येजा करत असतात. बाकावर साहेबांनी चौकशी केली. म्हणाले, कामाला लागली, छान झालं, आजकाल नोकऱ्या कुठे आहेत. घरात अजून सगळ्यांना झेरॉक्सवाल्याचाच राग आहे आणि थोडा तिचा. मुलगा तिच्याशी कामापुरतं बोलतो. मी रोज ठरवतो की आज सांगायचं, आणि रोज जेवण होऊन जातं.

परवा सकाळी चपला घालता घालता तिने विचारलं, "आजोबा, एक विचारू? त्या दिवशी खालचं काई दिसलं होतं का तुमाले?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही दिसलं."

"बरं झालं," ती म्हणाली. "पणजोबानं एवढं मन लावून खोडलं होतं." आणि बस गाठायला पळाली.

दिसलं होतं. हात थरथरायच्या आधी, फुंकर मारल्यावर, त्या शब्दाचं पहिलं अक्षर वर आलं होतं, मास्तरांच्या वळणदार हातातलं, अगदी स्वच्छ. आणि ते पाहून मला आनंद झाला होता. इतका आनंद झाला की पुढचं अक्षर पाहायची मी घाई केली.