रुमी मस्तकीचं झाड

श्रीधर गायधनी गेल्या ऑक्टोबरच्या मध्यावर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परतण्याची परवानगी, घेऊन सौदी अरेबियातून नाशिकला गेले. त्याआधी ते आणि त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी सहा दिवसांसाठी म्हणून ग्रीसच्या खिओस बेटावर गेले होते. चोवीस वर्षांच्या नोकरीत नाशिक सोडून इतरत्र घालवलेली ही त्यांची एकमेव रजा.

सौदीतल्या रास तनुरा या तेलबंदराच्या धक्क्यावर ते लोडिंग मास्टर होते. तेलवाहू जहाज लागलं की किनाऱ्याच्या वतीनं त्यावर चढायचं, टाक्या तपासायच्या आणि मगच तेल सोडायला सांगायचं, हे त्यांचं काम. कागद पुढे आला की ते म्हणत, "बघितल्याशिवाय सही नाही." कप्तान वैतागत. गायधनी शांतपणे टाकीकडे चालू लागत.

कामाबाहेर त्यांचा एकच प्रश्न असे : "हे मूळ कुठलं?" खजूर, कुलूप, शेजाऱ्याचं आडनाव, काहीही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. माझ्याकडे चहाला आले की कप उलटा करून तळाचा शिक्का वाचत. एकदा कप भरलेला होता.

या सवयीचं मूळ नाशिकला भद्रकालीत होतं. त्यांचे वडील, अण्णा, तिथं काष्ठौषधींचं दुकान चालवत. हिरडा कुठल्या डोंगरातला आणि सुंठ कुठल्या बंदरावरून आली, हे अण्णा बरणी न उघडता सांगत. अडायचं एका बरणीपाशी. रुमी मस्तकी, म्हणजे दंतमंजनात आणि पोटाच्या औषधात जाणारा पिवळसर डिंक. लहानग्या श्रीधरनं विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, "रूमचा म्हणतात. ते रूम कुठं, हे मुंबईचा व्यापारीही सांगत नाही. तू शोध."

आमच्या जवळच्या कतीफच्या बाजारात हाच डिंक 'मस्तका' नावानं मिळतो. मसालेवाल्याला गायधनींनी मूळ गाव विचारलं. तो म्हणाला, "जेद्दा." त्याच्याकडे माल जेद्दाहून येत होता.

उत्तर सहा वर्षांपूर्वी धक्क्यावरच मिळालं. एका टँकरच्या मागच्या बाजूला नोंदणीचं बंदर लिहिलं होतं : खिओस. जहाजावरचा अधिकारी यानिस काहीतरी चघळत होता. त्यानं डबी पुढे केली. गायधनींनी एक खडा तोंडात टाकला आणि, त्यांच्याच शब्दांत, "एकदम दुकानात गेलो." यानिसनं सांगितलं, याचं झाड माझ्या बेटाच्या दक्षिणेला येतं, मावशीचीच बाग आहे. गायधनींनी त्याच संध्याकाळी नाशिकला फोन लावला. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू बघितलंस का?"

बघणं लांबत गेलं. निवृत्ती जवळ आल्यावर त्यांनी व्हिसाचा अर्ज केला. कशासाठी जाताय, या रकान्यात 'डिंकाचं झाड पाहणे' असं लिहिलं. केंद्रातला मल्याळी कारकून म्हणाला, "साब, टूरिझम लिखो. गोंद देखने कौन जाता है?" सुनंदावहिनी शेजारीच होत्या. "मी जातेय ना," त्या म्हणाल्या. "लोकांचे नवरे स्वित्झर्लंड दाखवतात."

निघण्याच्या आठवड्यात धाकट्या भावाचा, विलासचा, फोन आला. अण्णा नव्वदीला आले होते, दृष्टी गेली होती, आता जेवणही सुटलं होतं. "दादा, ग्रीस राहू दे. सरळ इकडे ये." मग अण्णांनी फोन मागून घेतला. "इथं येऊन माझ्या तोंडाकडे काय बघणार? झाड बघून ये. पण वेळ लावू नकोस."

खिओस शहर बंदराला बिलगून आहे. समोर तुर्कस्तानचा किनारा दिसतो. पहिल्या दिवशी गायधनी धक्क्यावर फिरून टँकर शोधत होते. तिथं फेरीबोटी आणि मासेमारीच्या होड्या होत्या. कॅफेवाल्यानं सांगितलं, ती मोठी जहाजं इथं येत नाहीत, फक्त नाव इथलं असतं. दुसऱ्या दिवशी यानिसच्या मावशी, कतीना, त्यांना दक्षिणेला बागेत घेऊन गेल्या. बागेच्या फाटकाशी गायधनी थांबले. फोन बंद केला, वहिनींचाही मागून घेतला आणि दोन्ही कतीनाबाईंच्या हातात दिले. तेलाजवळ ठिणगी नको म्हणून जेट्टीवर जाण्याआधी ते रोज असंच करत.

"अहो, इथं कुठं तेल आहे?" वहिनी म्हणाल्या.

"राहू दे. सवय आहे."

कतीनाबाईंनी काही न विचारता फोन टोपलीत ठेवले. झाडांखालची जमीन झाडून तिच्यावर पांढरी भुकटी पसरली होती. खोडावर बारीक चिरा होत्या आणि त्यांतून थेंब गळून खाली घट्ट झाले होते. गायधनींनी चार तास ते वेचले. झाडाचा एकही फोटो निघाला नाही.

संध्याकाळी फोन सुरू केले तेव्हा विलासचे सात मिस्ड कॉल होते. अण्णांना इस्पितळात हलवलं होतं.

तिथून थेट नाशिकला जाता येत नव्हतं. एक्झिट-रीएंट्रीवर, म्हणजे परत येण्याच्या बोलीवर, बाहेर पडलेला माणूस परतला नाही तर सौदीच्या दप्तरात 'गेला तो आला नाही' अशी त्याची नोंद होते, आणि इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, घर, गाडी सगळं अजून त्यांच्या नावावर होतं. उरलेले दिवस सोडून ते मिळेल त्या विमानानं सौदीला परतले. कागद पुरे व्हायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत ते एकदाही आमच्याकडे चहाला आले नाहीत. शेवटच्या सहीनंतर कारकून "खलास" म्हणाला. गायधनींनी कागद पुन्हा वाचला नाही. आमच्या माहितीत असं पहिल्यांदाच झालं.

पुढचं विलासनं मला फोनवर सांगितलं. गायधनी विमानतळावरून थेट इस्पितळात गेले. अण्णा शुद्धीवर होते. त्यांनी खडा हुंगला, जिभेवर ठेवला आणि विचारलं, "झाड केवढं असतं?" गायधनींनी वडिलांचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला, मग थोडा वर उचलला. "एवढं," ते म्हणाले. अण्णांनी हात काही वेळ तिथंच ठेवला.

अण्णा त्यानंतर नऊ दिवस होते.