बोट बंद होती

माझा रावजीमामा रत्नागिरीत शाळामास्तर होता आणि शाळामास्तरच राहिला. मला ते आजही पटत नाही.

त्याचे वडील, आजे सगळे तांडेल, गलबतं हाकणारे. मामा मात्र बी.एस्सी. झाला आणि सापेक्षतेच्या सिद्धान्तानं झपाटला. संध्याकाळी ओटीवर शेजारच्या काशीरामला धरून बसवायचा.

"चालत्या गलबतावरून पुढं दगड फेकलास, तर त्याला गलबताचाही वेग मिळतो. पुढच्या टोकाला, नाळेवर टांगलेल्या कंदिलाच्या उजेडाला मिळत नाही. गलबत धावो की उभं राहो, उजेडाचा वेग तोच. बिनतारी संदेशाचाही तोच. दोन्ही एकाच जातीच्या लाटा."

"कसल्या पाण्यात?"

"पाणी नाही, हवा नाही. पोकळीतून जातात."

"मास्तर, पाण्यावाचून लाट दाखवा, जन्मभर बांगडे फुकट."

१९२७च्या जूनमध्ये मुंबईच्या एका कॉलेजातून तार आली: प्रयोगशाळेत जागा आहे, ताबडतोब या. हाच विषय शिकवणारे प्राध्यापक तिथं होते. मामाला आयुष्यात दुसरं काही नको होतं. पण पावसाळा, बोटी बंद. आजी म्हणाली, "नारळी पुनवेचा नारळ पडल्याबिगर आपल्या घरातला माणूस मुंबईस निघत नाय. जागा काय पळून जाते?"

ताबडतोब म्हणजे ताबडतोब, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. मामानं 'बोट सुरू होताच येतो' अशी उलट तार केली आणि पेटी भरून ठेवली.

पुनव झाल्यावर पहिल्या बोटीनं गेला. जागा केव्हाच भरली होती. परत आला. दिवाळीपर्यंत त्यानं पेटी उघडली नाही.

दहा वर्षांनी मी मुंबईला कॉलेजात निघाले तीही जूनमध्येच. मोटारीनं आंबा घाट चढून कोल्हापूर, पुढं रेल्वे. मामा पोचवायला आला होता. मला राहवेना.

"मामा, तेव्हाही घाट होता, मोटार होती. आजीनं अडवलं म्हणून राहिलास?"

"नाही गो. आई सवयीनं बोलली. मला घाट आठवलाच नाही. मुंबई म्हणजे बोट, एवढंच डोक्यात. काशीराम लाट म्हटली की पाणी धरून बसायचा. त्याला मी हसायचो."

मग मोटारीच्या टपावर चढून तो माझ्या पेटीची दोरी आवळू लागला. ती आधीच घट्ट होती.