दुसऱ्या ओळीतला माल

"थांबा हां, मना भ्या वाटतं," असं म्हणून ताई एन्टरवर बोट नुसतं टेकवून ठेवायच्या. दाबायच्या नाहीत. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या भित्रेपणाची आपण रोज थट्टा करतो.

पनवेलच्या त्या ऑफिसात आम्ही न्हावा शेवा बंदरात जाणाऱ्या कंटेनरचे कागद करायचो. कंपन्यांकडून मालाच्या यादीची एक्सएमएल फाइल यायची. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एका ओळीची कमांड दिली, की ती फाइल माझ्या स्टाइलशीटमधून, म्हणजे कागदावर काय घ्यायचं ते सांगणाऱ्या नियमांतून, जाऊन ड्रायव्हरला द्यायचा कागद तयार व्हायचा. कमांड चालवायच्या जवळच्या विचुंबे गावच्या या ताई. कागद निघाला, की मूळ फाइल उघडून त्या एकेक माल बोटांवर मोजायच्या.

"ताई, कॉम्प्युटर चुकत नाही हो."

"त्याला कुठं भ्या वाटतं?"

एका सकाळी त्यांना यायला उशीर झाला. मी नवी स्टाइलशीट लिहिली होती, ती स्वतःच धडाधड चालवली. एकही एरर नाही. कागद घेऊन ट्रेलर गेलेसुद्धा. ताई आल्यावर मी फुशारकीनं प्रती त्यांच्यापुढे टाकल्या. त्या मूळ फाइल उघडून मोजायला बसल्या आणि एकाएकी थांबल्या.

"यात दोन माल हाईत. कागदावर एकच हाय."

माझ्या स्टाइलशीटमधल्या एका ओळीनं फक्त पहिला माल उचलला होता, रंगाचे ब्रश. दुसरा होता थिनर, एका ठिणगीनं पेटणारा, पिंपंच्या पिंपं. ड्रायव्हरला त्याचा पत्ताच नव्हता. बंदराबाहेरच्या रांगेत ड्रायव्हर ट्रेलरखालीच स्टोव्ह पेटवून जेवण करतात, हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

ताईंनी त्या ट्रेलरच्या ड्रायव्हरला फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावताना त्यांचा नंबर चुकला, मग तो मी दाबला. तिसऱ्या वेळी त्यानं उचलला.

"बोला ताई. आत्ताच डाल टाकलीय."

"स्टो बंद कर! आधी बंद कर! कंटेनरमधी थिनर हाय!"

भांडं पडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "केला."

ताई खुर्चीत बसून रडल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

काही वर्षांनी ताई काविळीनं गेल्या. मी विचुंब्याला त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर तोच ड्रायव्हर बसला होता. मला पाहून उठला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले.

"मशीनची चूक तुमीच पकडली ना? ताई सगल्यांना सांगायच्या. तुमच्यामुलं मी वाचलो."

आत बायका रडत होत्या. मी तोंड उघडलं. पण खरं ऐकून तो माझे हात सोडून देईल, या भीतीनं गप्प राहिलो.