दशम्यांचं फडकं

आमच्या लेकीला आता दिवस गेलेत. सुमन तिच्यासाठी दशम्या करतेय आणि त्या वासानं मी पुन्हा येरझारा घालतोय.

नव्वदच्या दशकात मी लखनौला बँकेत होतो. पहिलं बाळंतपण माहेरीच हवं, म्हणून सुमनला साताऱ्याला पोचवायला निघालो, तर स्टेशनच्या वाटेवरच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नर्स म्हणाली, “भैया, बच्चा आड़ा है, ऑपरेशन होगा. बच्चे के कपड़े दीजिए.” आमच्यात जन्माआधी कपडे घेत नाहीत. मी प्रवासासाठी बांधून घेतलेल्या दशम्यांचं फडकं सोडून, झटकून पुढे केलं!

दार मिटलं. मी बाहेर येरझारा घालू लागलो. आत सुमनशी मराठीत बोलायलाही कुणी नव्हतं. तिला धीर द्यावा म्हणून मी दाराबाहेरूनच ओरडलो, “सुमे, मी इथंच आहे गं!”

“घाबरू नका हो,” आतून कण्हत उत्तर आलं, “मी आहे ना!”