समुद्राच्या तळाशी बाबांचं घोरणं

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन लक्षद्वीपला गेले होते. आमच्या आंजी गावापासून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच... पण सत्तरीतल्या या माणसाला पाण्याखाली जाऊन मोठे मासे बघायचे होते. सावंगीच्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या केल्या, अख्ख्या गावाला सांगून झालं. आता न बघता परतायची सोय नव्हती.

बाबा पट्टीचे पोहणारे. गावातली निम्मी पोरं त्यांनीच शेतातल्या विहिरीत तयार केली, मीही त्यातलीच. आणि घोळ नेमका तिथेच झाला.

डायव्हिंगचा नियम एकच, श्वास रोखायचा नाही. तोंडातल्या नळीतून घेत राहायचा, सोडत राहायचा. बाबांची विहिरीतली सवय उलटी... डोकं पाण्यात गेलं की दम धरायचा आणि तळाची माती घेऊनच वर यायचं. उथळ पाण्यात दोनदा सराव झाला, दोन्ही वेळा त्यांनी दम धरला. शिकवणारे सर शांतपणे म्हणाले, "अंकल, अब आखरी बार. नहीं तो बोट में बैठिए."

बाबांचा चेहरा एवढासा झाला. "आता गावात काय सांगू व?" मला फार वाईट वाटलं.

म्हटलं, "बाबा, विहीर विसरा. दुपारी बाजेवर घोरता ना, तसंच करा."

जमलं की हो. अगदी घर्र घर्र... एकमेकांचा हात धरून, मागे आपापले सर, आम्ही हळूहळू प्रवाळांपर्यंत उतरलो. परातीपेक्षा मोठं एक कासव शेजारून निवांत निघून गेलं.

मग समोरून मांटा रे मासा आला. प्रचंड, सपाट, पंख हलवत थेट आमच्या डोक्यावरून... त्याचं पांढरं पोट वर दिसलं आणि मी भीतीने गोठलेच.

बाबांनी माझा हात दाबला. माझ्या नळीतून बुडबुडे येत नाहीत, हे त्यांनी बघितलं होतं. माझ्याकडे बघत ते मुद्दाम मोठ्याने घोरले... आणि माझा अडकलेला श्वास सुटला.

बोटीत आल्यावर म्हणाले, "काऊन व, दम काऊन रोकला होता? मले सांगत होती ना तू?" मग जरा वेळाने स्वतःशीच, "कापसावर झाकाची ताडपत्रीच होती थे."

आता गावात रोज त्या ताडपत्रीची गोष्ट चालू आहे. माझा दम अडकल्याचं मात्र त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही.

दुपारी ते घोरायला लागले की मी नेहमी खोलीचं दार लोटून घ्यायचे. आता उघडंच ठेवते... तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक आहे.