कोनशिलेमागची हवा

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा चांगले कूलर तिकडे गेले, अशी आमच्या कार्यालयात समजूत होती. गोंदियात नेमकी याच्या उलट समजूत असणार. आमच्या वाट्याचा कूलर पाणी भरपूर प्यायचा आणि बदल्यात फक्त आवाज द्यायचा. मोहाडीतल्या जुन्या कार्यालयाच्या टिनाच्या छपराखाली एका मे महिन्यात आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई भोवळ येऊन टेबलावरच कोसळल्या. पुन्हा असं झालं तर नोकरी सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं. बाई एकट्या राहायच्या. त्यांची बोलायची माणसं सगळी कार्यालयात होती.

म्हणून नवी इमारत झाली तेव्हा बाईंइतका आनंद कोणालाच झाला नाही. ‘शून्य ऊर्जा कार्यालय’ हे नाव मला आमच्या काही सहकाऱ्यांवरून पडल्यासारखं वाटलं होतं. पण अर्थ सरळ होता: इमारत वर्षभरात जेवढी वीज वापरेल तेवढी छतावरच्या सौर पट्ट्यांतून स्वतःच तयार करेल. एसीची चैन त्या हिशोबात बसत नव्हती. त्याऐवजी अंगणात माणसाच्या उंचीपेक्षा खोल पाइप पुरले होते. बाहेरची हवा अंगणातल्या एका जाळीच्या कोठीतून त्यांत शिरायची आणि एका साध्या पंख्याच्या ओढीने खोल्यांत यायची. खोलवरची माती उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असते, हे विहिरीच्या पाण्याने आंघोळ केलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

आम्ही हिवाळ्यात राहायला गेलो. बाईंनी आपलं टेबल हवेच्या झरोक्याजवळ लावून घेतलं. सकाळी तिथून कोमट हवा यायची आणि बाई त्यापुढे हात धरून बसायच्या, जशी माणसं धानाच्या खळ्यावर शेकोटीपुढे बसतात.

मग उद्घाटन झालं. उद्घाटन म्हणजे काय, हे सांगायला नको. पाहुणे तीन तास उशिरा आले आणि ऊर्जेच्या बचतीवर जनरेटर लावून बोलले. त्यानंतर खिडक्या उघड्या ठेवण्याचे सुखाचे दिवस आले, आणि झरोक्याकडे कोणी पाहिलं नाही.

एप्रिलमध्ये खिडक्या बंद केल्या, तेव्हा कळलं की पंखा फिरतो आहे आणि हवा येत नाही. खोल्या भट्टीसारख्या तापल्या. साहेब साताऱ्याकडचे, माणूस चांगला. पण ही सगळी कागदावरचीच हवा होती, असं त्यांनी ठरवून टाकलं. एसी मागावा तर मंजुरी पुढच्या उन्हाळ्यात येणार. त्यांनी बाईंना बोलावून काळजीनेच सांगितलं, की नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, लागायच्या आत स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, जिवापेक्षा नोकरी मोठी नाही.

“घरी कायले बसवता जी मले?” बाई म्हणाल्या. “घरी का एसी हाय?”

तरी त्यांनी माझ्याकडून एक कोरा कागद नेला. मी आस्थापना शाखेत होतो. तो अर्ज माझ्याच टेबलावर येणार होता. मी त्याच दुपारी नागपूरला फोन करून इमारतीचा आराखडा करणाऱ्या इंजिनिअर मॅडमना बोलावलं.

त्या आल्या, पंख्यापाशी थांबल्या नाहीत, थेट अंगणात गेल्या आणि जाळीची कोठी कुठे आहे म्हणून विचारू लागल्या. उद्घाटनाच्या सजावट समितीतल्या एकाने सांगितलं, की ती संडासाच्या टाकीची हवा जायची जागा वाटली, पाहुण्यांना वास येऊ नये म्हणून तीन बाजूंनी लिंपली. चौथ्या बाजूवर कोनशिला बसवली. आयता चौथरा मिळाला.

“म्हणजे इमारतीच्या नाकावर दगड ठेवलात,” मॅडम म्हणाल्या.

“दगड नाही, कोनशिला,” साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन बाजू फोडता येत होत्या. पण त्या बाजूंना ओटा आणि भिंत होती, पुरेशी हवा शिरायला समोरचीच बाजू हवी होती. कोनशिलेवर पाहुण्यांचं नाव होतं. ती हलवायचा हुकूम द्यायला जिल्ह्यात कोणी तयार झालं नसतं.

आयुष्यभर समारंभांना नाकं मुरडली, पण उपाय मला तिथेच सापडला. पाहुण्यांना कळवलं, की नाव झाडामागे झाकलं जातं, रस्त्यावरून दिसत नाही. दर्शनी भिंतीवर सन्मानाने स्थलांतर करावं म्हणतो. होकार संध्याकाळच्या आत आला. पुन्हा मंडप, पुन्हा नारळ, पुन्हा ऊर्जेच्या बचतीवर जनरेटर. भाषण लांबलं तरी मला राग आला नाही. टाळ्या सर्वांत आधी मीच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने कोठी मोकळी केली. बाई झरोक्यापुढे हात धरून उभ्या होत्या. जरा वेळाने त्यांच्या पदराचं टोक हललं.

“आली,” त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.

नवतप्यात बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत गारठा नव्हता, पण माणसाला माणसासारखं बसता येत होतं. मी बाईंना अर्जासाठी नेलेल्या त्या कोऱ्या कागदाबद्दल विचारलं. त्यांनी तो खणातून काढला. त्यावर भाजलेल्या शेंगा होत्या.

“घ्या जी,” त्या म्हणाल्या.